अंगाला पेज

दोन महिने डबा तसाच होता फळीवर,
हळदीच्या बरणीमागे तोंड लपवून.
वाळपईच्या डॉक्टरने माझ्या साखरेवर लिहून दिलेला,
लोचनने म्हापशाहून आणलेला, शुक्रवारच्या बाजारात
ओले काजू विकून.
मी म्हणालो, घोडा आहे का मी?
ती म्हणाली, घोडा असतास तर ऐकलं असतंस.

मार्च आला की ती ओले काजू सोलायला बसते.
हिरवी बी, मधोमध सुरी,
आतला गर दुधाच्या दातासारखा,
आणि सालीचा तो चीक,
जो बोटं आधी पिवळी करतो, मग तपकिरी, मग काळी,
मग कातडं सुटतं सापाच्या कातीसारखं.
राख लावते, खोबरेल लावते, पुन्हा बसते.
शंभराला किती मिळतात ते मला सांगत नाही.

यंदा चीक बोटांवर थांबला नाही.
घाम पुसताना मानेवर गेला,
केस मागे सारताना कानामागे,
मनगटं, कोपराची लवण.
रात्री शेजारून खाजवल्याचा आवाज,
बंद पडलेल्या गाडीला कुणी चावी देत राहावं तसा.
मी जागा होतो. जागा आहे असं सांगितलं नाही.

उपकेंद्रातली सिस्टर ज्युलियाना शेवटच्या फेरीला माझ्याच बसमध्ये असते.
भुईपालच्या वळणावर विचारलं, तिकीट फाडता फाडता.
"मलम देते ते लावा. घरी ओट्स आहेत?"
मी सुटे मोजायचं विसरलो.
"मिक्सरला पिठासारखे बारीक करा. फडक्यात बांधा.
पाणी कोमट हां, कढत पाण्याने अंग चवताळतं.
पंधरा मिनिटं. मग टिपायचं. घासायचं नाही."
मागून कुणीतरी ओरडलं, कंडक्टर, स्टॉप गेला!

फडकं सापडेना. मुलाचा शाळेतला पांढरा मोजा सापडला,
मुलगा आता बोटीवर, कुठल्या बंदरात कोण जाणे.
न्हाणीत मिणमिणता दिवा.
भात भिजवायचा निळा ड्रम, अर्धा कापलेला,
त्यात ती, गुडघे पोटाशी घेऊन.
मोजा बुडवला, पिळला. पाणी दुधाळलं.
"हें कितें? पेज?"
"पेज."
"मीठ घातलंस?"

सत्तावीस वर्षं मी लोकांच्या तळहातांवर
नाणी सोडत आलोय, वरून,
हाताला हात न लावता.
तिच्या खांद्यावरही तसंच करत होतो, तांब्या उंच धरून.
"अरे, मी पॅसिंजर नव्हे," ती म्हणाली.
मग तांब्या ठेवला.
ओला, गिळगिळीत मोजा मानेवरून फिरवला,
जिथे लाल, तिथे आणखी हळू.
पाठीवर एक तीळ होता.
पूर्वीही असणारच. मला आठवत नव्हता.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
बाहेर मिक्सरचं भांडं पालथं पडलं, आपोआप,
आणि ती हसायला लागली, ड्रम हलेपर्यंत:
तुला खायला आणले, आणि न्हाले मी!

टिपलं. घासलं नाही.
एका कुशीवर झोपली, बोटं उघडी ठेवून.
रात्री तो आवाज आला एकदा.
वाट पाहिली. पुन्हा आला, थोडाच.
मग बेडूक की पंखा, ते नीट कळलं नाही.

सकाळी मोजा दोरीवर,
टोकातून पांढरं ठिबकतंय.
मांजराने येऊन चाटून पाहिलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि अगदी माझ्यासारखं तोंड वाकडं केलं.
पाच चाळीसची बस.
डब्यात अर्धे उरलेत.